हंसांच्या वाटेवर

आम्हा कवींचा हंसाशी व्यवहार तसा सोपा. कधी त्याला आत्मा म्हणायचं, कधी विवेक म्हणायचं आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. खरा हंस कुठे राहतो, त्याच्या जिवावर कोण उठलंय, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते विचारायला लावलं साशा डेंच या बाईंनी.

बेविक हंस उन्हाळ्यात उत्तर रशियाच्या टुंड्रात पिल्लं वाढवतात आणि थंडी पडू लागली की पश्चिम युरोपात येतात. 1995 मध्ये युरोपात येणारे हे हंस सुमारे 29 हजार होते, 2010 मध्ये 18 हजार उरले. पाणथळ जागा आटल्या, विजेच्या तारा आडव्या आल्या आणि बंदुकाही होत्या. कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तरीही क्ष-किरणांनी तपासलेल्या जिवंत हंसांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या अंगात छर्रे सापडले.

2016 च्या सप्टेंबरात साशाबाई या हंसांच्या वाटेनं निघाल्या, पॅरामोटरनं. पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन, त्यामागे जाळीत फिरणारा पंखा आणि डोक्यावर कापडी छत्र. चाकं नाहीत, काच नाही. पळत सुटायचं, छत्रात वारा भरला की पाय जमीन सोडतात. वेग आपल्या एसटीइतका, ताशी पन्नासेक किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर माणूस हवेत जागच्या जागी! मग खाली उतरायचं आणि वारा पडायची वाट पाहायची.

एवढं हळू वाहन कशाला? तर ते शेतात, माळावर, गावाजवळ उतरू शकतं म्हणून. आकाशातून बाई उतरली की माणसं जमतातच. वाटेत त्या शिकाऱ्यांशी, शेतकऱ्यांशी, शाळकरी मुलांशी बोलल्या. वरून नुसता उपदेश टाकून पुढे गेल्या नाहीत, हे मला मोठं वाटतं. 5 डिसेंबरला त्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली. पॅरामोटरनं ती ओलांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सारा प्रवास सुमारे सात हजार किलोमीटरचा.

हे उड्डाण म्हणजे खेळ नव्हे. 2021 मध्ये ब्रिटनची प्रदक्षिणा करताना स्कॉटलंडमध्ये झालेल्या अपघातात त्यांचे सहकारी, छायाचित्रकार डॅन बर्टन यांचा मृत्यू झाला. त्या स्वतः गंभीर जखमी झाल्या. वाऱ्याच्या भरवशावर निघालेल्यांना हा हिशेबही ठाऊक असतो.

या प्रवासाचा शेवट इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजच्या तळ्याकाठी झाला. तिथे 1964 साली चित्रकार पीटर स्कॉट यांच्या ध्यानात आलं होतं, की प्रत्येक बेविक हंसाच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी वेगळी असते. त्यांनी त्या चोचींची चित्रं काढली, हंसांना नावं दिली. पुढच्या हिवाळ्यात कोण परतलं आणि कोण नाही, हे त्यामुळे कळू लागलं.

आता माझ्या ओळीत हंस आला, की लेखणी थोडी थबकते. मनात येतं, हा कोणता? आणि यंदा तो परत आला का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)