'नको' न जुमानणारे मूल

दोन वर्षांचे मूल 'चुलीकडे जाऊ नकोस' हे शब्द ऐकते, क्वचित स्वतः उच्चारतेही. परंतु उचललेले पाऊल आवरण्याची शक्ती त्या वयात पुरती आलेली नसते. त्यास हट्टी ठरवून चापट मारणे व्यर्थ होय. मातेने त्यास शांतपणे उचलून दूर न्यावे, हाती वाटी-चमचा द्यावा. दहा वेळा करावे लागले तरी शब्द तेच ठेवावेत. आईचा नकार आणि आजीचा होकार, यानेच खरा हट्ट वाढतो! ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आरंभिलेल्या बालशिक्षणकार्यातही मुलाच्या हाताला काम देण्यावर भर होता. मात्र उघडी विहीर आणि फवारणीच्या औषधाची बाटली येथे शिकवण पुरत नाही. बाटली कुलपात हवी. सार्वजनिक विहिरीचा कठडा ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी बांधून घ्यावा.