तीन मूर्ती आणि एक तारा



चिनी घरांत तीन पुरुषांच्या मूर्ती एका ओळीत मांडलेल्या पुष्कळदा आढळतात. फू, लू आणि शौ ही त्यांची नावे. फू म्हणजे सुदैव, लू म्हणजे राजसेवकाचे पद व वेतन, शौ म्हणजे दीर्घायुष्य. फुगीर कपाळाचा, हाती काठी आणि पीचचे फळ घेतलेला हसरा वृद्ध, तो शौ.

आज या मूर्ती शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात. परंतु त्यांचे मूळ आकाशात आहे. फूचा संबंध गुरू ग्रहाशी जोडतात, लूचा सप्तर्षींच्या परिसरातील एका ताऱ्याशी. शौचा तारा मात्र आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे अगस्त्य! उत्तर चीनमधून तो क्षितिजालगत, मोठ्या कष्टानेच दिसतो. तो दिसला तर राज्यात शांतता नांदते, न दिसला तर युद्ध उद्भवते, असा समज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सीमा छियेन या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. आपल्याकडे अगस्त्याच्या उदयाने पावसाळ्यातील गढूळ पाणी निवळते असे मानतात. तारा एकच, पण प्रत्येक समाजाने त्याच्याकडे आपापल्या गरजेचे मागणे मागितले.

लूची कथा अधिक बोलकी आहे. राजसेवेच्या परीक्षा उत्तीर्ण होणे हीच शतकानुशतके चिनी कुटुंबाची महत्त्वाकांक्षा होती. १९०५ साली त्या परीक्षा बंद झाल्या. लू मात्र राहिला. वेतनाचा देव सर्वसाधारण समृद्धीचा देव झाला. 'लू' या उच्चाराचाच दुसरा शब्द हरिणासाठी आहे, म्हणून त्याच्याजवळ हरिण दिसते. तसेच 'फू' या उच्चारामुळे आपण अशुभ मानतो ते वटवाघूळ तिकडे शुभचिन्ह ठरले.

१९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत 'चार जुन्या गोष्टी' नष्ट करण्याची मोहीम निघाली. देवळांतल्या आणि घरांतल्या असंख्य मूर्ती फोडल्या गेल्या. पुढे धोरण सैल होताच त्या घरोघरी परतल्या. यावरून एवढे खचित म्हणता येईल की मूर्ती फोडता येते. परंतु लेकरांचे भले व्हावे, पोटाची सोय लागावी, वडीलधारी माणसे दीर्घकाळ जगावीत, ही इच्छा फोडता येत नाही.

बाजारात हा फुगीर कपाळाचा म्हातारा दिसला, तर माघातील एखाद्या रात्री दक्षिणेकडे अवश्य पाहा. तो तेथेही आहे.