ताकद जमिनीवर उतरते कुठे?



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत याबद्दल मनापासून आभार. माझं सगळं काम चासी आणि सस्पेन्शनमधलं. इंजिनवाल्यांच्या सभेत आमच्यासारख्यांना एरवी तिसऱ्या-चौथ्या रांगेत जागा मिळते. आज ध्वनिक्षेपक हातात आहे, तर मनात बरीच वर्षं असलेला विषय मांडतो: वाईट रचलेल्या रेसिंग कारला चांगलं इंजिन का वाचवू शकत नाही?

१९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामापासून सुरुवात करतो. इंजिनाचा हिशेब आणि गाडीचा हिशेब वेगवेगळा करून दाखवणारा इतका स्वच्छ प्रयोग एखाद्या प्रयोगशाळेलाही जमला नसता. त्या वर्षी होंडाचं दीड लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन दोन संघांकडे होतं, मॅक्लारेन आणि लोटस. मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या आणि १९९ गुण मिळवले. लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. गुण २३. चालक कमी पडला म्हणावं, तर लोटसमध्ये नेल्सन पिके होता, आदल्याच वर्षी तिसऱ्यांदा जगज्जेता झालेला, आणि तोही होंडाच्याच इंजिनावर. इमोलाच्या पात्रता फेरीत मॅक्लारेनचे सेना आणि प्रोस्ट पहिला-दुसरा, तर पिके तिसरा होता. कागदावर हे ठीक दिसतं. पण दीड मिनिटाच्या त्या फेरीत पहिल्या आणि तिसऱ्यामधलं अंतर तीन सेकंदांहून जास्त होतं! शर्यतीतही क्रम तोच राहिला, फक्त दोन्ही मॅक्लारेननी पिकेला एक अख्खी फेरी मागे टाकलं होतं.

मॅक्लारेनची ती गाडी विलक्षण बुटकी होती. चालक जवळजवळ आडवा झोपायचा. त्यामुळे वजन खाली आलं आणि मागच्या पंखाकडे जाणारी हवा मोकळी झाली. ही कल्पना रचनाकार गॉर्डन मरे यांनी १९८६ साली ब्राबॅम संघात करून पाहिली होती. तिथे बीएमडब्ल्यूचं प्रचंड ताकदीचं टर्बो इंजिन होतं, पण ते उंच, एका रांगेत चार सिलिंडरचं. गाडी बुटकी करायची म्हणून ते जवळजवळ आडवं पाडावं लागलं, आणि मग त्यातल्या तेलानंच दगा दिला. त्या गाडीला वर्षभरात दोन गुण मिळाले. तीच कल्पना दोन वर्षांनी, अंगानंच बुटक्या असलेल्या इंजिनाभोवती मांडली गेली, तेव्हा तिनं इतिहास घडवला. इंजिन किती ताकदीचं आहे इतकंच विचारून भागत नाही. ते गाडीत कसं बसतं, किती उंच बसतं, हवेची वाट अडवतं का, त्याला थंड ठेवायला रेडिएटर किती मोठा लागतो, हेही विचारावं लागतं. गाडी रचणारा हे प्रश्न इंजिन निवडण्याआधी विचारतो.

फेरारीनं १९८० साली याची फार मोठी किंमत मोजली. त्यांचं सपाट १२ सिलिंडरचं इंजिन उत्तम होतं. त्यानं जगज्जेतेपदं आणली होती, अगदी १९७९ चंसुद्धा. पण त्याच काळात लोटसनं गाडीच्या पोटाखालून हवा नेऊन गाडी जमिनीकडे ओढून घ्यायची युक्ती काढली होती. त्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना, खालून मागे वर चढत जाणारे बोगदे लागतात. फेरारीच्या इंजिनाचे सिलिंडर नेमके तिथेच दोन्हीकडे पसरलेले. इंजिनाची रुंदी हीच गाडीची अडचण झाली. विद्यमान जगज्जेता जोडी शेक्टर त्या वर्षभरात दोन गुण मिळवू शकला, आणि मॉन्ट्रियलला तर त्याला शर्यतीसाठी पात्रही ठरता आलं नाही.

मग फेरारीनं आपल्या स्वभावाला धरून नवं इंजिन केलं. १९८१ चं त्यांचं टर्बो व्ही-६ ताकदीत कुणाला हार जाणारं नव्हतं. पण ते बसवलं नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे मारलेल्या जुन्या धाटणीच्या चासीत. सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट जायची आणि वळणात अंग टाकायची. जिल व्हिलनवनं त्या वर्षी तिच्यावर दोन शर्यती जिंकल्या, मोनॅको आणि स्पेनमधलं हारामा. माझं म्हणणं खोडायला कुणी उठणार असेल, तर त्यानं हारामाचंच उदाहरण द्यावं, कारण ते खरोखर वजनदार आहे. तिथे व्हिलनवच्या मागे चार गाड्या लागल्या होत्या, वळणात त्याच्याहून जलद असलेल्या. प्रत्येक वळणात त्या त्याला येऊन चिकटायच्या आणि सरळ पट्टा आला की त्याचं इंजिन त्याला पुन्हा पुढे काढायचं. अरुंद ट्रॅक, ओलांडायला जागा नाही, आणि चुकायचं नाही असं ठरवलेला चालक. शेवटी पहिल्या पाच गाड्या दीड सेकंदाच्या आत रेषा ओलांडून गेल्या. इंजिनानं वाईट गाडीला त्या दिवशी वाचवलं, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी तसा ट्रॅक लागला आणि व्हिलनव लागला. वर्षअखेर संघांच्या तक्त्यात फेरारी पाचवी होती.

आता पुढचं वर्ष बघा. ब्रिटिश अभियंता हार्वी पोसलथवेट फेरारीत आला होता. त्यानं मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या ॲल्युमिनियम पत्र्यांची कडक चासी रचली. इंजिन मुळात तेच. त्या १९८२ च्या हंगामात फेरारीनं व्हिलनव गमावला, दिदिए पिरोनीची कारकीर्द अपघातात संपली, आणि तरीही संघांचं विजेतेपद फेरारीला मिळालं. इतक्या आघातांतून जो संघ जिंकतो, त्याच्या गाडीत काय बदललं होतं हे विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावं.

कडकपणा म्हणजे नेमकं काय, यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे याच मुद्द्यावर सर्वात कमी बोललं जातं. सैल झालेल्या बाजेवर एका कोपऱ्यात बसलं की समोरचा कोपरा उचलला जातो आणि बाकीच्या पायांवर किती भार आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पिळणारी चासी तशी असते. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग तुम्ही कितीही हिशेबानं निवडा, मधली चासीच स्प्रिंगसारखी वागत असेल तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. चालक सेटिंग बदलतो, गाडीला फरक पडत नाही. मग सगळे मिळून दोष टायरला देतात.

आणि अखेर सगळं येऊन ठेपतं ते टायरवरच. गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी भेटते. इंजिनाची प्रत्येक अश्वशक्ती, ब्रेकचा प्रत्येक न्यूटन आणि वळणातला सगळा बाजूचा जोर त्या चार ठिपक्यांतूनच जायचा. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, पकडीचा गुणांक १.५ धरा. पंख नसलेली गाडी त्यातून ताशी साधारण ९८ किलोमीटरनं जाईल. हे गणित करताना इंजिनाचा आकडा कुठेच लागत नाही. १०० अश्वशक्ती असो वा १०००, वळणाचा वेग तोच. सरळ पट्ट्यावर तरी ताकदीचं राज्य असेल असं वाटतं, पण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनात १० टक्के भर घातली तर सर्वोच्च वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. आणि तो पट्टा तुम्ही कोणत्या वेगानं सुरू करता हे मागच्या वळणानं आधीच ठरवलेलं असतं.

विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं उदाहरण घेऊ. समजा चालकासकट गाडी ३०० किलोची आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, आणि वळणात १.२ जी. आतल्या चाकांवरून ९० किलो भार उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. दोन्हीकडे १५०-१५० होते, ते झाले ६० आणि २४०. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. बाहेरच्यानं जे कमावलं, ते आतल्यानं गमावलेल्यापेक्षा कमीच भरतं. इंजिन पाच सेंटिमीटर वर बसवलंत आणि त्यानं गुरुत्वमध्य वर नेला, की हा तोटा वाढलाच. तो भरून काढणारी अश्वशक्ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हवेची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं भाषण पुरं होणार नाही, आणि ती गोष्ट पोर्शे ९१७ ची. १९६९ सालचं साडेचार लिटरचं, हवेनं थंड होणारं, १२ सिलिंडरचं इंजिन. ते हान्स मेत्सगर यांनी घडवलं होतं, आणि मोटारींच्या इतिहासातल्या थोर इंजिनांत त्याची गणना होते. गाडी मात्र अशी की कंपनीचे स्वतःचे चालक तिच्यात बसायला नाखूश होते. लांब निमुळती शेपटी हवेचा विरोध कमी करण्यासाठी दिली होती, पण वेग वाढला की मागचा भाग हलका व्हायचा आणि सरळ रस्त्यावरही गाडी डोलायची. ल माँच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा खासगी चालक ९१७ मध्ये मरण पावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या ट्रॅकवर चाचण्या चालू असताना जॉन वायर यांच्या संघातले अभियंता जॉन हॉर्समन यांनी एक साधी गोष्ट टिपली. गाडीच्या पुढच्या अंगावर चिलटं चिरडून चिकटली होती आणि मागच्या स्पॉयलरवर एकही नव्हतं. म्हणजे मागे हवा पोचतच नव्हती. त्यांनी ॲल्युमिनियमचे पत्रे आणि चिकटपट्टी घेऊन तिथेच आखूड, वर चढणारी शेपटी उभी केली. इंजिनाला कुणी हात लावला नाही. गाडी पुन्हा ट्रॅकवर गेली आणि चालक फेऱ्यांमागून फेऱ्या मारत राहिले. १९७० साली पोर्शेला ल माँचं पहिलं एकूण विजेतेपद मिळालं ते ९१७ मुळेच. हॉर्समन यांच्याकडे त्या दिवशी आपल्या वर्कशॉपमध्ये नाही असं काही नव्हतं. ते थांबून नीट बघत होते, इतकंच. आणि ते बघणं चार महिने आधी झालं असतं तर, हा विचार मला अजून छळतो.

अलीकडचं उदाहरण झटकन सांगतो. मॅक्लारेननं २०१५ ते २०१७ ही तीन वर्षं होंडाच्या इंजिनाला दोष देण्यात काढली. त्या इंजिनात दोष होतेच. २०१८ मध्ये त्यांनी रेनॉचं इंजिन घेतलं. तेच इंजिन घेऊन रेड बुलनं त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या, मॅक्लारेननं एकही नाही. टाकून दिलेल्या होंडाबरोबर पुढे रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन २०२१ चा जगज्जेता झाला.

इंजिनवाल्या मित्रांनी रागावू नये. मला तुमच्या विद्येबद्दल नितांत आदर आहे, आणि त्या विद्येचा कळस मला कीथ डकवर्थ यांच्या कॉसवर्थ डीएफव्हीत दिसतो. १९६७ साली त्यांनी ते लोटस ४९ साठी रचलं तेच मुळी गाडीचा मागचा भाग म्हणून. चालकाच्या पाठीमागे चासी संपते, तिथे इंजिन बोल्टनं जोडलेलं, आणि मागचं सस्पेन्शन त्या इंजिनाच्या आधारानं उभं. पहिल्याच शर्यतीत, झांडवोर्टला, जिम क्लार्क जिंकला. पुढे १९८३ पर्यंत त्या इंजिनानं १५५ शर्यती जिंकल्या. त्यांपैकी कित्येक, आपल्याहून जास्त ताकदीच्या इंजिनांना मागे टाकून.

आता आपल्या अंगणात येऊ. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या करणारी आपली बरीच मुलं चाकणला बनणारं केटीएम ३९० चं इंजिन वापरतात. बाहा स्पर्धेत तर वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच इंजिन देण्याची रीत आहे, म्हणजे चढाओढ उरते ती फक्त रचनेची. तरीही परीक्षक म्हणून मी जी सादरीकरणं पाहतो, त्यांत बहुतेकांच्या पहिल्या पानावर अश्वशक्ती असते. चासी किती पिळते असं विचारलं की संगणकातलं रंगीत चित्र दाखवतात. प्रत्यक्ष मोजलंत का, असं विचारलं की शांतता. मी मुलांना दोष देत नाही. डायनोवरचा आकडा एका दुपारी मिळतो, छापता येतो, प्रायोजकाला दाखवता येतो. गाडीच्या गुणांना असा एकच आकडा नसतो, म्हणून त्यांना पैसाही मिळत नाही आणि वेळही.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो. प्राध्यापकांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात चासीचा पीळ मोजणं सक्तीचं करावं. मागचे हब जखडायचे, पुढे आडवी दांडी बांधून एका टोकाला वजनं टांगायची आणि डायल गेजवर वाचायचं. याला महागडं यंत्र लागत नाही. उद्योगांनी मुलांना इंजिन भेट देण्याबरोबरच टायरच्या चाचण्यांची आकडेवारी आणि मोकळ्या ट्रॅकचे काही तास द्यावेत. आणि परीक्षकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, गुणपत्रिकेत इंजिनाच्या आधी गुरुत्वमध्याची उंची आणि चारही चाकांवरचा भार विचारावा.

शेवटच्या मागणीची सुरुवात आजच करू. संयोजकांना सांगून मी बाहेरच्या पटांगणात चार वजनकाटे आणि एक जॅक ठेवायला लावला आहे. जेवणानंतर प्रत्येक संघानं गाडी तिथे आणावी, चालकाला आत बसवावं आणि चारही आकडे फळ्यावर लिहावेत. मागची चाकं उचलून पुढचा भार किती वाढतो तेही घ्या, त्यावरून गुरुत्वमध्य काढता येईल. ज्यांचे आकडे संगणकातल्या आकड्यांशी जुळणार नाहीत, त्यांनी उद्याच्या सत्रात पहिल्यांदा बोलावं. त्यांच्यासाठी मी वेळ राखून ठेवला आहे.