मोटरसायकललाही ‘लॉट’ असतो
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताचे बियाणे घेतल्यावर पिशवीवरील लेबल आणि पावती जपून ठेवा, असे आम्ही तुम्हांला दर खरिपात सांगतो. उगवण झाली नाही तर तक्रार करताना लॉट नंबर लागतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आज मात्र मी तुमच्या पडवीत उभ्या असलेल्या मोटरसायकलविषयी बोलणार आहे. कारखान्यातून तीही लॉटनेच बाहेर पडते. बियाण्याचा लॉट सदोष निघाला तर हंगाम जातो. गाडीचा निघाला तर माणूस जाऊ शकतो.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, श्रीवर्धनची सुपारी, चौल-नागावचे नारळ, सकाळचे दूध, हे सारे आपल्याकडे दुचाकीवरूनच निघते. मागे पोते बांधून कार्लेखिंडीचा उतार उतरताना ब्रेकने दगा दिला, तर लोक म्हणतात, “पोराने गाडी जोरात हाणली असेल.” कधी ते खरेही असते. पण कधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो आणि तो कोणी तपासतही नाही.

दोष कोणाचा?

आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आहे. केबल गंजते, साखळी आवळते, स्पोक व स्टँड कुजतात. दिघी-आगरदांडा फेरीबोटीतून किंवा ओल्या वाळूतून गाडी नेल्यास हे लवकर होते. हा निगेचा प्रश्न आहे. गाडी गोड्या पाण्याने धुणे, साखळीला तेल देणे, ब्रेकचे लायनर वेळेवर बदलणे हे आपले काम.

परंतु नव्या गाडीत थोड्याच महिन्यांत ब्रेक लागेनासा झाला, चालता चालता इंजिन बंद पडू लागले, वायर तापून वास येऊ लागला, आणि त्याच सुमारास घेतलेल्या दुसऱ्याच्या गाडीतही तेच घडले, तर तो निर्मितीतील दोष असण्याची शक्यता असते. अशा वेळी नाक्यावर तात्पुरती डागडुजी करून गप्प बसू नये.

गाड्या परत बोलावणे

दोष लक्षात आल्यावर कंपनी ठरावीक काळात बनलेल्या गाड्या तपासणीसाठी परत बोलावते. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या बोलावल्या; त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने १२५ सी.सी.च्या सुमारे ३ लाख स्कूटर ब्रेक लिव्हरच्या भागासाठी बोलावल्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची एक विजेवरील स्कूटर उभ्या जागी पेटली. त्यानंतर कंपनीने त्याच लॉटच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी मागविल्या.

गाडी परत बोलावली म्हणजे कंपनी वाईट, असे समजू नये. दोष लपविण्यापेक्षा तो सांगून दुरुस्त करणे केव्हाही बरे.

कायदा काय सांगतो?

२०१२ पासून वाहन उत्पादक स्वेच्छेने असे करीत होते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-ए आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहेत. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर शासन चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलावण्यास भाग पाडू शकते. येथे तुमच्या तक्रारीचे मोल कळते. दहा जणांनी दहा मेस्त्रींकडे पैसे मोजले तर त्याची नोंद कोठेच होत नाही.

निरोप पोहोचत का नाही?

कंपनी फोन किंवा पत्र पाठविते ते गाडीच्या पहिल्या नोंदीवरील मालकाला. आपल्याकडे अनेक गाड्या जुन्या घेतलेल्या असतात. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवले जातात, नावावर गाडी होतच नाही. मग ब्रेकचा निरोप पनवेलच्या जुन्या मालकाकडे जातो आणि गाडी म्हसळ्याच्या घाटात चालते तुमच्या मुलाच्या हाती! नाव बदलणे हे केवळ कागदाचे काम नाही, हे ध्यानात घ्या.

पुढील गोष्टी अवश्य करा

१. आर.सी.वरील चासी नंबर व निर्मितीचा महिना-वर्ष वहीत लिहून ठेवा.

२. जुनी गाडी घेतल्यास ती लगेच नावावर करा आणि त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आपला फोन नंबर नोंदवा.

३. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, “या चासी नंबरवर काही रिकॉल आहे का?” असे तेथे विचारा. रिकॉलमधील दुरुस्तीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत.

४. दोष आढळल्यास तक्रार लेखी द्या, पोच घ्या, जॉबकार्ड व बदललेला भाग जपून ठेवा.

५. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

६. विजेवरील स्कूटर पेंढ्याच्या माचाजवळ किंवा गोठ्यात चार्ज करू नका. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

७. ब्रेकविषयी शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी जागेवरच ठेवा. एक दिवस माळा बाजारात उशिरा गेल्या तरी चालेल.

बियाण्याच्या लॉटबाबत तुम्ही जागरूक झालात, म्हणून विक्रेतेही सावध झाले. गाडीबाबतही तसेच होईल. आज घरी गेल्यावर आर.सी. काढा आणि बियाण्याच्या पावत्या ठेवता त्याच पिशवीत तिची एक प्रत ठेवा.