होकाराआधीचा हिशेब

७ मार्च २०२५ या एकाच दिवशी दोन चित्रपट प्रेक्षकांसमोर आले. एक हिंदी, ‘नादानियां’, नेटफ्लिक्सवरून घरोघरी. दुसरा मराठी, जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’, चित्रपटगृहांत. पहिल्यात दक्षिण दिल्लीतली श्रीमंत घरची मुलगी बरोबर शिकणाऱ्या एका मुलाला आठवड्याला २५,००० रुपये देऊन आपला प्रियकर असल्याचं नाटक करायला लावते, आणि नाटकाचं पुढे खरं होतं. दुसऱ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, पण पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे बसून नाव, शिक्षण, उंची सांगण्यातच तिचे दिवस जातात. दोन्हीकडे शिकणारी मुलगी आहे, मनातलं माणूस आहे, आईवडिलांचा शब्द आहे आणि पैसा आहे. पहिल्या चित्रपटात पैसा हे प्रेम जुळायचं निमित्त आहे, दुसऱ्यात तो प्रत्येक वाक्याच्या तळाशी बसला आहे. माझं म्हणणं या फरकाबद्दल आहे. हिंदी कॉलेजकथा ज्यांना घरचे संस्कार म्हणते, ते बहुतेक वेळा हिशेब पुसून टाकल्यावर उरलेला वडिलांचा होकार असतो. अमरावती-अकोल्याकडे, वऱ्हाडात, मात्र त्या होकाराआधी पूर्ण हिशेब मांडला जातो, आणि तो पडद्यावर आल्याशिवाय तिथल्या मुलामुलींच्या प्रेमाची गोष्ट सांगून होणार नाही.

‘नादानियां’च्या नायकाला चित्रपट मध्यमवर्गीय म्हणतो. वडील डॉक्टर, आई शिक्षिका, घर नोएडात. हेच घर अमरावतीत आणून ठेवा. डॉक्टर वडील आणि पगारी शिक्षिका आई असलेला एखादा मुलगा तिथे सोयरिकीच्या यादीत सगळ्यात वर असेल. त्याच्याकडे मुलींचे बाप स्वतः चालत येतील. म्हणजे हा चित्रपट ज्याला खालचा वर्ग समजतो, तो वऱ्हाडातल्या बहुसंख्य घरांना डोकं वर करून पाहावा लागणारा वर्ग आहे. हे फक्त याच चित्रपटात घडलेलं नाही. ‘कुछ कुछ होता है’मधलं १९९८चं कॉलेज प्रत्यक्षात मॉरिशसच्या विद्यापीठात चित्रित झालं होतं, आणि तिथे फी, वसतिगृह, नापास झाल्यावर घरी काय सांगायचं, हे प्रश्नच नव्हते. २०१२च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये उद्योगपतीचा मुलगा आणि साध्या घरचा मुलगा एकमेकांसमोर उभे आहेत, पण दोघांतलं अंतर गाडी, कपडे आणि वागणूक यांतूनच दिसतं. अंतर असं दाखवलं की ते मिटवणंही सोपं होतं. अशा कथांत शेवटी श्रीमंत बापाला पोराचा चांगुलपणा पटतो आणि सगळे एका चौकटीत उभे राहतात. जमीन किती, कोणाच्या नावावर, नोकरी पक्की की कंत्राटी, आणि जात कोणती, हे कोणी विचारत नाही. जातीचा प्रश्न तर हिंदीत जाताना गळूनच पडतो. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’चा (२०१६) पहिला भाग कॉलेजातल्या हसऱ्या प्रेमकथेचाच आहे, आणि त्या हसण्यामागे जात पहिल्यापासून उभी आहे. दोन वर्षांनी ‘धडक’ होऊन ती गोष्ट उदयपूरला गेली तेव्हा राजकारण आणि श्रीमंती पुढे आली आणि जात मागे सरली.

वऱ्हाडात कॉलेज हे लग्नाआधीची मौज म्हणून उभं राहिलेलं नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, १९२३ सालचं. विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आलेले पापळचे पंजाबराव देशमुख त्यानंतर काही वर्षांत कुणब्याच्या, बलुतेदाराच्या, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या घरांतल्या मुलांसाठी श्रद्धानंद वसतिगृह उघडतात, आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करतात. याच माणसाने १९२७ मध्ये जातीबाहेर, मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केलं. पुढे विमलाबाई राज्यसभेवर गेल्या. मुलाने कुठे शिकावं आणि कोणाशी लग्न करावं, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच आयुष्यात हाताळले. गाडगेबाबांचंही तेच. कर्ज काढून लग्न करू नका, हे ते कीर्तनातून सांगत फिरले, आणि त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दहा सूत्रांत गरीब मुलामुलींचं शिक्षण आहे तसंच गरीब तरुण-तरुणींचं लग्नही आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ते योग्यच आहे. या माणसांना कॉलेज घराची रीत बदलण्यासाठी हवं होतं.

मग ती रीत किती बदलली? याचं उत्तर द्यायला एक प्रसंग पुरेसा आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यातलाच आहे. फेब्रुवारी २०२०, चांदूर रेल्वे. व्हॅलेंटाइन दिवसाच्या आदल्या दिवशी एका महिला महाविद्यालयाच्या शिबिरात मुलींना शपथ देण्यात आली. आईवडिलांवर आपला पूर्ण विश्वास आहे, प्रेम आणि प्रेमविवाह करणार नाही, असं त्यांनी हात पुढे करून म्हटलं. त्यावर राज्यभर टीका झाली, ती रास्तच होती. पण टीकेच्या गदारोळात शपथेचा उरलेला भाग फारसा कोणी वाचला नाही. हुंडा मागणाऱ्या मुलाशी लग्न करणार नाही, हेही त्यात होतं. आणि त्याच्याही पुढे, सामाजिक रीत म्हणून आईवडिलांनी हुंडा देऊन लग्न लावलंच, तर उद्याची आई या नात्याने मी सुनेकडून हुंडा घेणार नाही आणि मुलीच्या लग्नात देणार नाही, असा आशय होता. ही शपथ लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की प्रेमविवाह सोडून दिला तर मुलीसमोर जो रस्ता उरतो त्याच्या तोंडाशी हुंडा बसलेला आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा, तरी २०२० मध्ये एका कॉलेजला ‘दिलाच तर’ हे गृहीत धरूनच पुढची तरतूद करावी लागली. मला ही शपथ मान्य नाही. मुलांना कोणी तशी शपथ दिली नाही, हा एकच मुद्दा तिचा अन्याय दाखवायला पुरेसा आहे. तरी पैशाबाबत ती बहुतेक हिंदी कॉलेजपटांपेक्षा जास्त खरं बोलली, हे मान्य करावंच लागेल. आईवडिलांवरचा विश्वास आणि हुंड्याची रक्कम एकाच श्वासात उच्चारायचं धैर्य त्या चित्रपटांत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हलकीफुलकी प्रेमकथा पाहायला बसलेल्या माणसाला समाजशास्त्राचा तास कशाला? मला वाटतं हा आक्षेप विनोदाला कमी लेखतो. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. त्यात कांचनभट आपली कोवळी मुलगी पैशासाठी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, त्यात दलाल आहे, आकडा आहे, घासाघीस आहे, आणि मराठी प्रेक्षक या सगळ्याला पोट धरून हसला. हिशेब रंगमंचावर आल्याने नाटकाची गंमत कमी झाली नाही. उलट हसू नेमकं तिथूनच फुटलं. हिंदीतही उदाहरण आहे. मन्सूर खान यांच्या ‘जो जीता वही सिकंदर’मध्ये (१९९२) नायक श्रीमंतीची खोटी ऐट मिरवतो, ती उघडी पडताच मैत्रीण देविका त्याला सोडून जाते, आणि गावच्या पोरांना रईसांच्या कॉलेजसमोर आपली जागा कोणती हे पदोपदी कळत राहतं. ते पाहताना कोणाला तासाला बसल्यासारखं वाटलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो पालकांच्या बाजूने येतो. त्या शपथेच्या दहाच दिवस आधी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भररस्त्यात पेटवण्यात आलं होतं, आणि आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली ती बातमी ऐकलेल्या बापाने मुलीच्या प्रेमाला भ्यावं, यात अस्वाभाविक काही नाही. शिवाय कोरडवाहू मुलखात माणसाला आजारपणात, नापिकीत, म्हातारपणात धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे घर. बाप सोयरीक करताना मुलीसाठी नवरा शोधतो तसाच पुढच्या पन्नास वर्षांचा आधारही शोधतो. हे सगळं मी मानतो, आणि म्हणूनच हिशेब दाखवा असं म्हणतो. बापाला खलनायक करून किंवा शेवटच्या दृश्यात मिठी मारायला लावून त्याची ही भीती समजत नाही. कापसाला यंदा भाव काय मिळाला आणि त्यातून लग्नाला किती उरलं, हे समोर आलं की बापही समजतो आणि त्याच्या निर्णयाची किंमत मुलीने काय मोजली तेही समजतं. ‘स्थळ’मधले सविताचे वडील कापूस पिकवणारे शेतकरी आहेत. त्यांचा राग येत नाही, आणि तरी सवितावर होणारा अन्याय तसूभरही सौम्य होत नाही. ते चित्रपटातल्या हिशेबामुळे साधलं आहे.

कोणी म्हणेल, आता वारं उलटं फिरलं आहे, मुलीच शेतकऱ्याच्या पोराला नकार देतात. खरं आहे. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्या पिढीतली मुलं आता लग्नाच्या वयाकडे सरकत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेषात, बायको मिळावी म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. पण हिशेबाच्या वहीत उजवी-डावी बाजू बदलली, वही तीच राहिली. ‘वावर किती हाय?’ या प्रश्नाच्या जोडीला आता ‘नोकरी परमनंट हाय का?’ आला. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि शहरी अपेक्षा घेऊन त्या घरात आलेली अलका एकमेकांपासून तुटत जातात, आणि त्यात वाईट माणूस कोणीच नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा मुलगा, अभ्यासिकेत दिवसभर बसणारी मुलगी, ही आजच्या अमरावती-अकोल्याच्या प्रेमकथेची माणसं आहेत. निकाल लागेपर्यंत थांबायला सांगणं, हाच तिथला प्रेमाचा कबुलीजबाब असतो.

परदेशातल्या मराठी मंडळासमोर हे बोलण्याला कारण आहे. घरच्या संस्कारांचा गौरव करणारे हिंदी चित्रपट नव्वदीच्या दशकापासून परदेशस्थ भारतीयांना डोळ्यांसमोर ठेवून बनू लागले, आणि त्यांना इथे मोठा प्रेक्षक मिळाला. दुसरीकडे वऱ्हाडातल्या सोयरिकीच्या उतरंडीत परदेशातलं स्थळ पार वरच्या पायरीवर आहे. म्हणजे ज्या वहीबद्दल मी बोलतो आहे तिच्यात तुमची मुलंही एक रकाना आहेत, तुम्हाला हवं असो वा नसो. मंडळाच्या वधूवर मेळाव्याच्या अर्जात पगार, जात, पोटजात, उंची आणि वर्ण विचारले जात असतील, तर डोंगरगावच्या पाहुण्यांचे प्रश्नच इथे छापून आलेले आहेत. ते रकाने काढून टाकता येतील, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ‘स्थळ’ इथे दाखवा, तोही तरुण मुलांच्या शेजारी बसून, आणि नंतर त्यांना बोलू द्या. अमरावतीच्या एखाद्या अभ्यासिकेतली खट्याळ, खरी प्रेमकथा लिहू पाहणारं कोणी भेटलं, तर पटकथेच्या पहिल्याच बैठकीत त्याला विचारा की मुलीच्या बापाची जमीन किती आहे आणि मुलाची नोकरी पक्की झाली का.