वाडीची शाळा आणि विसाचा आंकडा

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीची शाळा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना तिचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. दोन खोल्या, पुढें पडवी, भिंतीवर रंगानें काढलेले पाढे आणि बाराखडी, एका बाजूस पोषण आहाराची चूल, अंगणांत झेंड्याचा खांब. पटावर मुलें नऊ किंवा अकरा. पहिलींत दोन, दुसरींत एकही नाहीं, तिसरींत चार, असा कांहीं तरी मेळ. गुरुजी तालुक्याच्या गांवाहून मोटारसायकलीनें येतात, आणि पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे गाडी अलीकडे ठेवून उरलेली वाट पायीं तुडवितात. शहरांतील गृहस्थास ही शाळा पाहून प्रथम कौतुक वाटतें, आणि लगेच त्याच्या मनांत हिशेब सुरू होतो. इतक्या थोड्या मुलांसाठीं दोन शिक्षक, इमारत, तपासणी, एवढा खर्च कशासाठीं?

हा हिशेब मांडणारा मनुष्य दुष्ट असतो असें मुळींच नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें शिक्षण खात्यानें समूह शाळांसंबंधीं पत्रक काढलें, तेव्हां महाराष्ट्रांत वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांतील मुलें १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ असे आंकडे देण्यांत आले. भागाकार केला तर शाळेमागें बारा-तेरा मुलें आणि शिक्षकामागें सहा पडतात. तिकडे मोठ्या गांवांच्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या. मग लहान शाळा एकत्र कराव्या, मुलांना वाहनानें आणावें, त्यांना पुस्तकालय, क्रीडांगण, चित्रकलेचा शिक्षक आणि मुख्य म्हणजे बरोबरीचे सवंगडी मिळावे, ही योजना कागदावर वाचली तर तिच्याविरुद्ध बोलावयास तोंड उघडत नाहीं. ती नवीही नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें जवळच्या शाळांचा एकमेकींशीं मेळ घालण्याची कल्पना मांडली होती, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तिला पुन्हा उजाळा दिला. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आयोगाच्या मनांत शाळांनीं साधनें वांटून घ्यावीं, एकीचा शिक्षक दुसरीच्या कामास यावा, हें होतें. शाळा जोडणें निराळें आणि शाळा मिटविणें निराळें. सरकारी कागदांत या दोहोंना पुष्कळदां एकच शब्द लावला जातो, आणि गांवकऱ्यांचा पहिला संशय तेथेंच उत्पन्न होतो.

हा संशय एकदम आकाशांतून पडलेला नाहीं. दहा किंवा त्याहून कमी पटाच्या तेराशेंहून अधिक शाळा बंद करून त्यांतील मुलें शेजारच्या शाळांत घालण्याचा निर्णय २०१७ च्या डिसेंबरांत झाला होता. त्या वेळीं आक्षेप घेणाऱ्यांचें पहिलें म्हणणें अंतराविषयीं होतें आणि पुढेंही तेंच राहिलें. यादींत 'शेजारची' म्हणून लिहिलेली शाळा खरोखर किती दूर आहे, हें नकाशावरून ठरत नाहीं. नकाशावर दोन बिंदूंमधील रेघ एक किलोमीटर भरते. पायवाट मात्र कडा टाळून, ओढ्याचा उतार शोधून, रानांतून वळसा घेऊन जाते. शिवाय शाळा उघडते जूनच्या मध्यांत. म्हणजे ज्या महिन्यांत कोंकणांत आणि मावळांत ओढ्यांना पाणी येतें, नेमक्या त्याच महिन्यांत सहा वर्षांच्या मुलानें नवी वाट शिकावयाची. ज्या घरांत हें भाषण ऐकलें जात आहे, तेथील सहा वर्षांचें मूल फाटकापासून शाळेच्या गाडीपर्यंतही एकटें जात नसेल.

कायद्यानें ही अडचण ओळखलेली आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याखालीं महाराष्ट्रानें २०११ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत आणि त्यावरील वर्गांची शाळा तीन किलोमीटरच्या आंत असली पाहिजे. जेथें हें शक्य नाहीं तेथें वाहनाची किंवा निवासाची मोफत सोय करण्याचें दायित्व सरकारवर आहे. शाळा उघडावयाची तर परिसरांत तेवढ्या वयाचीं निदान वीस मुलें असावींत, ही अटही त्याच नियमांत आहे. हा वीस आंकडा कोठून आला, हें पाहिलें म्हणजे गंमत वाटते. तो शाळा कोठें काढावी हें ठरविण्यासाठीं लिहिला गेला. आतां चालत्या शाळेला तोच मापदंड लावण्यांत येतो. विहीर कोठें खणावी याचे नियम आणि वाहती विहीर कधीं बुजवावी याचे नियम शेतकरी एक मानीत नाहीं. आणि थोड्या मुलांना दोन शिक्षक हा जो उधळेपणा वाटतो, तोही अधिनियमाच्या अनुसूचींतूनच आलेला आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. चार इयत्ता एका मनुष्यानें सांभाळूं नयेत, हा त्यांतला हेतु.

लोकांचें म्हणणें सभेच्या इतिवृत्तांत सांपडतें त्यापेक्षां त्यांच्या कृतींत अधिक स्पष्ट दिसतें. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील दरेवाडीचीं मुलें ऑक्टोबर २०२२ मध्यें शेळ्या बरोबर घेऊन जिल्हा परिषदेच्या कार्यालयावर गेलीं. त्यांची शाळा बंद झाली होती. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' ही त्यांची मागणी. शाळा नसेल तर दप्तर परत घ्या आणि वळावयास शेळ्या तरी द्या, एवढाच तिचा सरळ अर्थ. ही घोषणा कोणी मोठ्या माणसानें शिकविली असेल, असेंही कोणी म्हणेल. असेल, पण शाळा सुटलेलें मूल कोणत्या कामाला लागतें, हें डोंगरांतील मुलाला शिकवावें लागत नाहीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत सातारा जिल्ह्यांतील खिरखंडीच्या मुलींची हकीकत मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दाखल करून घेतली. त्या मुली कोयनेच्या जलाशयांतून स्वतः नाव वल्हवीत पलीकडे जात आणि मग रानांतून चालत शाळा गांठीत. तेथें प्रश्न शाळा बंद होण्याचा नव्हता, हें खरें. परंतु शाळा दूर असली म्हणजे वाट कशी असते, याचा तो दाखला आहे. मुलीचें नांव पटावरून सर्वांत आधीं कां गळतें, हेंही त्या वाटेवर उभें राहिलें म्हणजे निराळें सांगावें लागत नाहीं.

शाळेबरोबर वाडीचें आणखीही कांहीं जातें. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश आईबाप असले पाहिजेत आणि सभासदांत निम्म्या बायका असल्या पाहिजेत, असा कायदा आहे. वाडींतल्या बाईला चारचौघांत कागद पाहून प्रश्न विचारण्याची संधि बहुधा याच एका ठिकाणीं मिळते. मुलें दुसऱ्या गांवच्या शाळेंत गेलीं कीं ती समितीही त्या गांवची होते, आणि वाडीची बाई तेथें परकी ठरते. आहार शिजविणाऱ्या बाईचें काम जातें. २६ जानेवारीचा झेंडा, मतदानाचें केंद्र, लसीकरणाचा दिवस, ह्या साऱ्या गोष्टी त्या दोन खोल्यांच्या आधारानें चालत आलेल्या असतात.

इतकें झालें तरी विरोध करणाऱ्यांची बाजू सर्वस्वीं निर्दोष आहे असें समजणें भाबडेपणाचें होईल. लहान शाळेंत दोन शिक्षक कागदावर असतात; त्यांतील एक पुष्कळदां रजेवर, बैठकीस, किंवा निवडणुकीच्या कामावर असतो. उरलेला एकटा पहिलीचें अक्षर आणि चौथीचा भागाकार एकाच फळ्यावर शिकवितो. कबड्डीचे दोन संघ होत नाहींत. आपल्या इयत्तेंत एकटेंच असलेलें मूल पहिलेंही तेंच आणि शेवटचेंही तेंच. ह्या गोष्टी खऱ्या आहेत. मात्र अनेक इयत्ता एकत्र शिकविणें ही केवळ लाचारी आहे असें मात्र नाहीं. ती एक स्वतंत्र विद्या आहे. आंध्र प्रदेशांतील ऋषी व्हॅली येथें खेड्यांतील शाळांसाठीं तशी पद्धति बसविण्यांत आली, आणि तिच्या आधारानें १९९५ च्या सुमारास कर्नाटकांत म्हैसूर जिल्ह्यांतील हेग्गडदेवनकोटे तालुक्यांत 'नली-कली' या नांवाचा उपक्रम सुरू होऊन पुढें राज्यभर पसरला. मूल आपल्या गतीनें एकेक पायरी चढतें, मोठें मूल लहानाला मदत करतें, आणि शिक्षक एका गटाकडून दुसऱ्याकडे जातो. वाडीच्या गुरुजींना ही विद्या कोणी शिकविली काय, हा प्रश्न शाळा बंद करण्याच्या आधींचा आहे.

आणखी एक अप्रिय गोष्ट. सडकेवरील मोठ्या गांवांत शाळेचा पट रोडावतो तो मुलें नाहींत म्हणून नव्हे. सकाळीं पिवळी गाडी येते आणि ज्यांना ऐपत आहे त्यांचीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घेऊन जाते. तेच गृहस्थ संध्याकाळीं ग्रामसभेंत 'आमची शाळा बंद होऊं देणार नाहीं' असें ठांसून सांगतात. त्यांच्या गांवाभिमानास मागें कोणी राहिलेलें नसतें. पटावर उरतात तीं शेतमजुरांचीं, ऊसतोडणीस जाणाऱ्यांचीं, ज्यांना गाडीचें भाडें परवडत नाहीं अशांचीं मुलें. शाळा उठली तर त्या वजनदार गृहस्थाचें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें ज्यांनीं शाळा सोडली नाहीं त्यांचें. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येवरील खर्च वरच्या वर्गावर होतो, अशी तक्रार मांडली होती. आज शाळा गांवोगांवीं आहेत, तरी ती तक्रार ह्या पटांवरून डोकें वर काढते.

म्हणून आठांचा पट सर्वत्र सारखा समजणें, हीच ह्या साऱ्या व्यवहारांतील मोठी चूक होय. सडकेवरच्या गांवचे आठ आणि डोंगरावरच्या पाड्याचे आठ यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिल्या ठिकाणीं दुसरी शाळा पाऊण कोसावर, वाट सपाट, गाडी येण्याजोगी. तेथें दोन शाळा एक केल्यानें मुलांचें हितच होईल, आणि विरोध करणाऱ्यानें उगीच हट्ट धरूं नये. दुसऱ्या ठिकाणीं पाड्यावर मुळीं आठच मुलें आहेत, आणि तीं सर्व शाळेंत आहेत. त्या शाळेचा पट कमी नाहीं. तो पूर्ण आहे. तक्त्यांत मात्र दोन्हीं ठिकाणीं एकच आंकडा दिसतो.

हा वाद एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. उत्तर प्रदेशांत १६ जून २०२५ रोजीं पन्नासाहून कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांशीं जोडण्याचा हुकूम निघाला, तेव्हां सीतापूर जिल्ह्यांतील मुलांच्या नांवानें अलाहाबाद उच्च न्यायालयांत अर्ज झाले. ७ जुलैस एका न्यायमूर्तींनीं ते फेटाळले. २४ जुलैस दोघांच्या पीठानें सीतापूरपुरती आहे ती स्थिति राखण्यास सांगितलें. पुढें खुद्द सरकारनेंच, एक किलोमीटरपेक्षां दूरची शाळा जोडली जाणार नाहीं, असें जाहीर केलें. म्हणजे पालकांनीं प्रारंभीं जें विचारलें होतें तेथेंच गाडें येऊन थांबलें.

महाराष्ट्राच्या पत्रकांत समूह शाळेचे नमुने म्हणून पुणे जिल्ह्यांतील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ यांचीं नांवें होतीं. हीं दोन्हीं उदाहरणें एका मापानें मोजतां येत नाहींत. पानशेतला धरणाच्या भोंवतालच्या वस्त्यांतून मुलें वाहनानें यावयाचीं. तेथें सर्व भिस्त गाडीवर. गाडी वेळेवर येते तोंवर योजना चांगली. तोरणमाळ सातपुड्याच्या माथ्यावर. तेथें मुलांनीं शाळेंतच राहावयाचें. दहा-बारा वर्षांच्या मुलास वसतिगृह मानवतें. पहिलींतल्या मुलाला आईपासून दूर ठेवावयाचें तर ती निराळी गोष्ट आहे, आणि तिचा निर्णय आईला विचारल्याखेरीज होऊं नये.

ज्या गांवांतून लेखी हरकती येतात, त्यांची भाषा साधी असते. गाडी किती वाजतां येणार. नादुरुस्त झाली तर त्या दिवशीं मुलें कशीं येणार. गाडीबरोबर मोठें माणूस कोण असणार. भाड्याचे पैसे पुढील वर्षींही मिळतील काय. आणि शाळेंतून मूल आजारी होऊन परत पाठवावें लागलें तर त्याला कोण आणील. यांपैकीं एकाही प्रश्नाला पटाच्या आंकड्यांत उत्तर नाहीं. ह्या प्रश्नांचीं उत्तरें सही-शिक्क्यानिशीं वाडीला मिळालीं, तर कांहीं वाड्या आपण होऊन शाळा जोडण्यास संमति देतील. ज्या देणार नाहींत, त्यांच्या गुरुजींना ओढ्यावर एक साकव बांधून देणें समूह शाळेच्या गाडीपेक्षां खचित स्वस्त पडेल.