आधी पायपीट, मग लेखणी

कादंबरीकार गो. नी. दांडेकर, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, जन्मले आपल्या परतवाड्यात, १९१६ साली. स्वातंत्र्य चळवळीपायी तेराव्या वर्षी शाळा सोडली. पुढं गाडगेबाबांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा. आधी पायपीट, मग लेखणी, असा त्यांचा क्रम. राजमाचीचा किल्ला पालथा घातला, तेव्हा ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी आली. ठाकर आदिवासींचा डोंगर, तिथला ढोल नि मधाची पोळी यांतून ‘जैत रे जैत’ झाली. पण मला विचाराल, तर अप्पांचा खरा कान कळतो ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये. पूर्णा नदीकाठची माणसं तिथं अस्सल वऱ्हाडी बोलतात. नुसतं टेबलाशी बसून अशी बोली उतरत नाही, बाप्पा! वाचनालयातून ही कादंबरी आणा आणि संवाद घरात मोठ्यानं वाचा.